सरहद्द ओलांडलेली मुले

ओहायो राज्याच्या पूर्व सरहद्दीकडे कोलंबियाना परगण्यात लिस्बन नावाचे एक लहानसे गाव आहे. १९५१ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या दिवशी विस्कॉन्सिनमध्ये राहणारा एक गृहस्थ आपल्या तीन मुलांना त्यांच्या आईच्या भेटीसाठी या गावी घेऊन आला. आणि भेट आटोपून परत निघण्याची वेळ आली तेव्हा आईने मुले त्याच्या स्वाधीन करण्यास साफ नकार दिला. पित्याजवळ विस्कॉन्सिनच्या न्यायालयाचा रीतसर हुकूमनामा होता. १९४६ च्या डिसेंबरात ही स्त्री पुढील आयुष्याचा विचार करण्यासाठी म्हणून मुलांसह लिस्बनला आली होती, आणि १९४७ चा पहिला दिवस उजाडला तेव्हा विस्कॉन्सिनला परत न जाण्याचा तिचा निश्चय झालेला होता. नवऱ्याने तिकडे घटस्फोटाचा आणि मुलांच्या ताब्याचा दावा लावला. दाव्याचे कागद तिला ओहायोत प्रत्यक्ष हाती देण्यात आले. ती रुजू झाली नाही, आणि न्यायालयाने मुले पित्याला दिली. तो हुकूमनामा घेऊन, सोबत एक पोलीस अंमलदार घेऊन, पित्याने मुले नेली आणि ती चार वर्षांहून अधिक काळ त्याच्याजवळ वाढली. आता मात्र तीच मुले आईच्या घरात होती, तोच हुकूमनामा पित्याच्या हातात होता, आणि त्या हुकूमनाम्याला ओहायोच्या भूमीवर काही किंमत आहे की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

‘मे विरुद्ध अँडरसन’ या नावाने हा कज्जा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९५३ साली त्याचा निकाल लागला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हॅरल्ड बर्टन हे स्वतः ओहायोचे, क्लीव्हलँड शहराचे माजी महापौर. त्यांनी असे ठरविले की, आईच्या व्यक्तीवर विस्कॉन्सिनच्या न्यायालयाचा अखत्यार कधी चाललाच नव्हता, आणि मालमत्तेच्या हक्काहून कितीतरी मोलाचा असा मातृत्वाचा हक्क तिच्या गैरहजेरीत तोडून टाकणाऱ्या हुकूमनाम्याने ओहायो राज्य बांधले जात नाही. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी निकालाला संमती दिली. परंतु ओहायोवर तो हुकूमनामा मानण्याची सक्ती नाही याचा अर्थ ओहायोने तो मानू नये असा होत नाही, ही सूक्ष्म परंतु पुढे फार उपयोगी पडलेली पुस्ती त्यांनी जोडली. आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता म्हणून उभे राहिलेले न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी आपल्या विरोधी मतात जो इशारा दिला तो त्या देशातील पुढच्या तीस वर्षांचे भविष्यच होता: या निकालाने मुलांच्या ताब्याचा सारा कायदा ‘उचला आणि पळा’ या एका नियमावर येऊन ठेपेल, असे त्यांनी बजावले.

परस्परांच्या न्यायनिवाड्यांचा आदर करण्याची प्रतिज्ञा ज्या राष्ट्राच्या घटनेतच लिहिलेली आहे, तेथे असा प्रसंग उद्भवावा हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. १७८७ च्या घटनेच्या चौथ्या अनुच्छेदाच्या आरंभीच असे सांगितले आहे की, प्रत्येक राज्याच्या सार्वजनिक कृत्यांना, दप्तराला आणि न्यायनिर्णयांना इतर प्रत्येक राज्याने पूर्ण विश्वास आणि मान्यता द्यावी. एका राज्यात हजार डॉलरांचा हुकूमनामा झाला, तर ऋणको शेजारच्या राज्यात पळून गेल्याने तो बुडत नाही. परंतु पैशाचा हुकूमनामा एकदा झाला की झाला. मुलाच्या ताब्याचा हुकूमनामा मात्र स्वभावतःच कधी अंतिम होत नाही. मूल वाढते, आईबापांची परिस्थिती पालटते, आज जे घर त्याला हितावह आहे ते उद्या राहीलच असे नाही. म्हणून बालकाच्या हितासाठी ताब्याची व्यवस्था केव्हाही बदलण्याचा अधिकार न्यायालयाने आपल्या हाती राखून ठेवला, आणि तो राखणे योग्यच होते. १९२५ साली न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी एका निकालात असे प्रतिपादन केले की, ताब्याचा निर्णय करणारा न्यायाधीश दोन पक्षांचा वाद तोडीत नसतो, तर राज्यसंस्थेच्या ठिकाणी असलेल्या पित्याच्या नात्याने तो मुलाच्या बाजूने विचार करीत असतो. या विचारातील करुणा निर्विवाद आहे. तथापि अठ्ठेचाळीस राज्यांत अठ्ठेचाळीस असे पिते असले, आणि दारात आलेल्या प्रत्येक मुलाच्या हिताचा विचार पुन्हा मुळापासून करण्यास त्यांपैकी प्रत्येकजण मोकळा असला, तर काय होईल याचा विचार त्या काळी फारसा कोणी केला नव्हता.

कारण त्या काळापर्यंत तशी वेळ क्वचितच येत असे. जुन्या सिद्धान्ताप्रमाणे मुलाच्या ताब्याविषयी बोलण्याचा अधिकार एकाच राज्याला, म्हणजे मुलाचा कायदेशीर अधिवास जेथे असेल त्या राज्याला होता. आणि पत्नीचा अधिवास पतीच्या मागोमाग व अपत्याचा अधिवास पित्याच्या मागोमाग जात असल्याने उत्तर सोपे होते, मग ते आईच्या दृष्टीने कितीही अन्यायाचे असो. मोटारगाडीने आणि मंदीच्या काळातील स्थलांतरांनी ही घडी विसकटली. नेवाडा राज्याने १९३१ साली घटस्फोटासाठी लागणाऱ्या वास्तव्याची मुदत केवळ सहा आठवड्यांवर आणली, आणि रीनो शहराकडे दुःखी दांपत्यांचा ओघ लागला. पती एका राज्यात, पत्नी दुसऱ्या राज्यात, घटस्फोट तिसऱ्या राज्यात अशी कुटुंबे दिसू लागली, आणि त्यांची मुले कोणत्या राज्याची, हा प्रश्न आता ग्रंथांतून उतरून न्यायालयाच्या पायरीवर आला.

१९४७ चा ‘हाल्वी’ खटला या दृष्टीने फार बोधप्रद आहे. न्यूयॉर्कमध्ये राहणारी एक स्त्री १९४४ साली नवऱ्याच्या संमतीवाचून मुलाला घेऊन फ्लॉरिडास गेली आणि पुढील वर्षी तिने तेथे घटस्फोटाचा दावा केला. नवरा हजर झाला नाही. परंतु हुकूमनामा निघण्याच्या आदल्याच दिवशी तो गुपचूप फ्लॉरिडाला जाऊन मुलाला उचलून न्यूयॉर्कला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी फ्लॉरिडाच्या न्यायालयाने मुलाचा कायमचा ताबा आईला दिला, तेव्हा मूल त्या राज्यात नव्हतेच. आई न्यूयॉर्कच्या न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज घेऊन गेली. तेथील न्यायाधीशाने ताबा आईकडेच ठेवला. मात्र बापाला भेटीचे आणि सुट्टीत मुलाला जवळ ठेवण्याचे हक्क दिले, आणि ते हक्क आई पाळील याबद्दल तिच्याकडून पाच हजार डॉलरांचा जामीनकतबा मागितला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती डग्लस यांनी हा फेरफार उचलून धरला. त्यांचा तर्क बिनतोड होता: फ्लॉरिडाचा हुकूमनामा फ्लॉरिडाच्याच न्यायालयाला बदलता येत असेल, तर स्वतःच्या घरी त्याला जेवढी स्थिरता आहे त्याहून अधिक स्थिरता परक्या राज्याने त्याला का द्यावी? पुढल्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी एकाच मुलाविषयी एकाहून अधिक राज्यांना समवर्ती अखत्यार असू शकतो असा निर्णय दिला. हे दोन्ही निकाल वाचताना त्यांतील बुद्धिमत्तेविषयी आदरच वाटतो. तथापि दोन्हींचा एकत्र परिणाम असा झाला की, ज्या पालकाला निकाल मानवला नाही त्याच्यापुढे अपिलापेक्षा सोपा असा एक मार्ग खुला झाला. मुलाला मोटारीत बसवावे, सरहद्द ओलांडावी, आणि तेथे आपल्या ओळखीच्या, आपल्याच जातकुळीच्या समाजातून आलेल्या न्यायाधीशापुढे ‘परिस्थिती पालटली आहे’ असा अर्ज करावा. नवा न्यायाधीश पाही तो समोर उभा असलेला पालक, त्याचे नीटनेटके घर आणि त्या घरात रुळलेले मूल. दुसऱ्या पक्षाचे साक्षीदार, शाळामास्तर, शेजारी हे सारे शेकडो मैलांवर असत, आणि त्यांना आणण्याचा खर्च सर्वांनाच परवडण्यासारखा नसे.

फौजदारी कायदाही या बाबतीत मुका होता. प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाच्या अपहरणानंतर १९३२ साली संघ सरकारने अपहरणाचा कडक कायदा केला. परंतु १९३४ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाला त्याच्याच आईने वा बापाने नेले असल्यास तो कायदा लागू नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. आईबाप आपल्याच मुलाला चोरतील ही कल्पनाच कायदेमंडळाला विपरीत वाटली असावी. म्हणून १९६० आणि १९७० च्या दशकांत खाजगी गुप्तहेर पैसे घेऊन शाळेच्या फाटकावरून मुले उचलून आणू लागले, तरी पोलीस ‘हा घरगुती मामला आहे’ असे म्हणून स्वस्थ बसत. या ओढाताणीत मुलांचे काय होई ते सांगताना मन विदीर्ण होते. कित्येकांना नवे नाव धारण करावे लागे; दुसरा पालक मेला, किंवा त्याने तुला टाकले, असे सांगितले जाई; वर्षातून दोनदा शाळा बदले; आणि जे मूल एकदा असे उचलले गेले ते पुढे रस्त्यावर अनोळखी मोटार थांबली तरी दचके. या मुलांच्या हिताचे नाव घेऊनच हे सारे चालले होते, ही या इतिहासातील अत्यंत क्लेशकारक गोष्ट होय.

ही विटंबना थांबविण्याच्या प्रयत्नात ब्रिगिट बोडनहायमर या विदुषीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जर्मनीत जन्मलेल्या आणि नाझी राजवटीच्या काळात देश सोडून अमेरिकेत आलेल्या या बाईंनी नव्या देशात पुन्हा कायद्याचे शिक्षण घेतले, आणि पुढे कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे त्या प्राध्यापिका झाल्या. राज्याराज्यांचे कायदे एकसूत्री व्हावेत म्हणून १८९२ पासून काम करीत आलेल्या आयुक्तांच्या परिषदेने ताब्याच्या कायद्याचा मसुदा सिद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले, आणि १९६८ साली ‘बालक-ताबा अखत्यार एकरूप अधिनियम’ तयार झाला. त्याचा गाभा असा की, मूल ज्या राज्यात सलग सहा महिने राहिले ते त्याचे ‘गृहराज्य’. त्या राज्यातून मूल कोणी नेले तरी मागे राहिलेल्या पालकाला पुढील सहा महिने तेथेच दाद मागता यावी. मुलाला अनुचित रीतीने उचलून आणलेल्या पालकाचा फेरफाराचा अर्ज न्यायालयाने ऐकू नये. अर्जदाराने पहिल्याच कैफियतीत गेल्या पाच वर्षांत मूल कोठे आणि कोणाजवळ राहिले, अन्यत्र काही दावा चालू आहे काय, हे शपथेवर लिहून द्यावे. आणि दोन राज्यांच्या न्यायाधीशांनी परस्परांशी सरळ संपर्क साधावा. लिस्बनच्या खटल्याचा अडसर दूर करताना मसुदाकारांनी फ्रँकफर्टर यांच्या त्याच पुस्तीचा आधार घेतला: दुसऱ्या राज्याचा हुकूमनामा मानण्यास घटना राज्यांना भाग पाडीत नसली, तरी राज्ये स्वतःच्या कायद्याने तो मानू शकतात, मात्र दूरच्या पालकाला रीतसर नोटीस आणि बोलण्याची संधी मिळालेली असावी.

मसुदा उत्तम होता. तो स्वीकारणे मात्र प्रत्येक राज्याच्या मर्जीवर होते. नॉर्थ डकोटाने तो १९६९ साली आरंभीच स्वीकारला, कॅलिफोर्नियाने १९७३ साली. पन्नासही राज्ये त्याच्या छत्राखाली यावयास १९८४ साल उजाडले. ज्या राज्याने तो स्वीकारला नव्हता ते पळून येणाऱ्यांचे आश्रयस्थान बनले. शिवाय मसुद्यातच एक फट राहून गेली होती. गृहराज्याबरोबरच ‘मुलाच्या हिताच्या दृष्टीने ज्या राज्याशी त्याचा महत्त्वाचा संबंध आहे’ अशा राज्यालाही त्याने अखत्यार दिला होता, आणि या दोहोंत श्रेष्ठ कोण हे पुरेसे निर्णायकपणे सांगितले नव्हते. हिताचा शब्द अखत्याराच्या कलमात शिरताच जुनाच प्रकार नव्या वेषात सुरू झाला. ज्या न्यायाधीशाला एखादे प्रकरण ऐकावेसे वाटे त्याला महत्त्वाचा संबंध सापडत असे. दरम्यान घटस्फोटांची संख्या भराभर वाढत होती. पालकांनी पळविलेल्या मुलांची संख्या दरवर्षी पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत असावी, असे अंदाज संघाच्या कायदेमंडळापुढे मांडले जाऊ लागले.

अखेर वायोमिंगचे सिनेटर माल्कम वॉलप यांच्या खटपटीने संघ सरकारला हात घालावा लागला. कुटुंबविषयक कायदा हा राज्यांचा प्रांत, त्यात संघाने ढवळाढवळ करू नये, असा आक्षेप असल्याने हे विधेयक स्वतंत्रपणे पार पडणे कठीण होते. म्हणून वृद्धांच्या वैद्यकीय विम्यात न्यूमोनियाच्या लशीचा खर्च समाविष्ट करणाऱ्या एका विधेयकाला ते जोडण्यात आले, आणि २८ डिसेंबर १९८० रोजी, अधिकारपद सोडण्यास काही आठवडेच उरले असता, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. ‘पालककृत अपहरण प्रतिबंधक कायद्या’ने गृहराज्याला निःसंदिग्ध अग्रक्रम दिला, आणि ज्या राज्याने पहिला हुकूमनामा दिला तेथे मूल अथवा आईबापांपैकी कोणीही राहत असेल आणि त्या राज्याच्या कायद्याने अखत्यार टिकून असेल, तोपर्यंत तो हुकूमनामा फिरविण्याचा अधिकार त्याच राज्याचा, हे तत्त्व घालून दिले. पोटगी चुकविणाऱ्यांना हुडकण्यासाठी असलेली संघाची शोधयंत्रणा या कामासाठी खुली झाली, आणि मुलाला घेऊन राज्याबाहेर पळालेल्या पालकावर, राज्याच्या कायद्याने तो गंभीर गुन्हा ठरत असल्यास, संघाचे पकड वॉरंट निघू लागले.

असले एक वॉरंट लवकरच पुण्याशी जोडले गेले. मिशिगनच्या न्यायालयाने १९८२ साली एका अमेरिकन स्त्रीला घटस्फोट देऊन मुलाचा ताबा तो अठरा वर्षांचा होईपर्यंत तिच्याकडे सोपविला होता. वडील भारतीय नागरिक होते. त्यांना भेटीचा हक्क होता, परंतु परवानगीवाचून मुलाला बाहेर नेण्याची मनाई होती. १९८६ च्या जानेवारीत अशाच एका भेटीच्या निमित्ताने त्यांनी मुलाला शाळेतून घेतले आणि गुप्तपणे भारत गाठला. मूल पुण्यास आजी-आजोबांच्या घरी राहू लागले. मिशिगनमध्ये वॉरंट निघाले, आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतील अधिकारी पुण्याला जाऊन मुलाला पाहून आला. आईने भारतीय घटनेच्या ३२ व्या अनुच्छेदाखाली आपल्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायालयाने मूल तिच्या स्वाधीन करविले. मुलाच्या हिताचा स्वतंत्र विचार न्यायमूर्तींनी केला खरा, परंतु न्यायालयाची आज्ञा मोडून मूल नेणाऱ्या पालकाला त्या कृत्याचा लाभ मिळू नये ही जाणीवही त्या निकालपत्रात ठळक आहे.

अमेरिकेत मात्र नव्या कायद्याचे दात किती तीक्ष्ण याची परीक्षा अजून व्हायची होती. १९८८ च्या ‘थॉम्पसन’ खटल्यात लुइझियानाच्या न्यायालयाने एकट्या आईला ताबा दिला होता, आणि पुढे दोनच महिन्यांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने तोच ताबा एकट्या पित्याला दिला होता. दोहोंतील खरा हुकूमनामा कोणता हे सांगा, म्हणून पिता संघाच्या न्यायालयात गेला. परंतु न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी, हा कायदा राज्यांच्या न्यायालयांना उद्देशून आहे, त्याखाली संघाच्या न्यायालयात स्वतंत्र दावा चालत नाही, असा निर्णय दिला. राज्ये परस्परांत जे सोडवितील तेच खरे, असा याचा अर्थ झाला.

नियम पाळण्याची किंमतही कोणी कमी लेखू नये. आयोवा राज्यात १९९१ च्या फेब्रुवारीत जन्मलेल्या एका मुलीला मिशिगनच्या एका दांपत्याने दत्तक घेण्यासाठी घरी नेले. जन्मदात्या पित्याची संमती घेतली गेली नव्हती, आणि त्याने हक्क सांगितल्यावर आयोवाच्या न्यायालयांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. दांपत्याने मिशिगनमध्ये दाद मागितली, तेव्हा खालच्या न्यायालयाने मुलीच्या हिताचा विचार करून ती त्यांच्याकडेच ठेवावी असे म्हटले. परंतु १९९३ च्या जुलैत मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने, हा प्रश्न आयोवाने सोडविलेला आहे, तो पुन्हा उघडण्याचा अखत्यार आम्हांस नाही, असे ठरविले. २ ऑगस्ट रोजी अडीच वर्षांच्या त्या मुलीला, ज्यांना ती आईबाप म्हणून ओळखत होती त्यांच्या हातातून काढून गाडीत बसविण्यात आले. ते रुदन दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले. निकाल कायद्याप्रमाणे बरोबर होता असे मला वाटते. आणि त्या दिवशी त्या मुलीवर जे गुदरले ते कोणत्याही युक्तिवादाने हलके होत नाही, असेही वाटते. पहिल्या निर्णयाला इतका विलंब लागला नसता तर हा प्रसंग टळता. तान्ह्या जिवाचे हित निकालाच्या शहाणपणाइतकेच निकालाच्या त्वरेवर अवलंबून असते.

१९९७ साली आयुक्तांच्या परिषदेने दुसरा मसुदा सिद्ध केला, त्यात हे सारे अनुभव मुरलेले आहेत. अखत्याराच्या कलमांतून बालकाच्या हिताचा उल्लेख मुद्दाम काढून टाकण्यात आला. हे वरवर पाहता निष्ठुर वाटेल; पण हिताचा विचार कोणी करावयाचा हे आधी ठरले, तरच तो शांतपणे होऊ शकतो, हे कळावयास पन्नास वर्षे खर्ची पडली होती. गृहराज्य प्रथम, नंतर मूळ राज्याचा अनन्य आणि अखंड अखत्यार. आज टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या पालकाला ओहायोचा हुकूमनामा बदलून हवा असेल, तर त्याने प्रथम ओहायोकडेच जावे लागते. ओहायोने ‘आमचा संबंध संपला’ अथवा ‘टेक्सास अधिक सोयीचे’ असे म्हटले, किंवा आई, बाप आणि मूल तिघेही ओहायो सोडून गेले, तरच टेक्सासच्या न्यायाधीशाला लेखणी उचलता येते. परराज्यातील हुकूमनामा नोंदवून घेऊन तातडीने अंमलात आणण्याची व्यवस्थाही झाली. जुन्या कायद्यात पळालेल्याकडे केवळ अपराधी म्हणून पाहिले जाई. वस्तुतः पळणाऱ्यांत नवऱ्याच्या मारहाणीतून जीव वाचवून निघालेल्या कितीतरी स्त्रिया होत्या. नव्या मसुद्याने आई वा भावंड यांना धोका असेल तरीही आश्रयाच्या राज्याला तात्पुरता आपत्कालीन अखत्यार दिला, आणि अशा स्त्रीचा पत्ता गुप्त ठेवण्याची तरतूद केली. हा मसुदा आज मॅसॅच्युसेट्सखेरीज सर्व राज्यांत लागू आहे.

१९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या आणि तेथेच स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या दुसऱ्या पिढीतही घटस्फोट होतात, आणि न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या आईला आता आपले पहिले पाऊल कोठे टाकायचे हे नक्की ठाऊक असते. तीच आई मुलाला घेऊन मुंबईच्या विमानात बसली की सारे पुन्हा अनिश्चित होते. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीचा हेगचा करार १९८० सालचाच. भारताने त्यावर अद्याप सही केलेली नाही. विधी आयोगाने २००९ साली सही करण्याची शिफारस केली आणि २०१६ साली विधेयकाचा मसुदाही तयार झाला. परंतु परदेशातील मारहाण आणि एकटेपणा यांतून सुटून माहेरी आलेल्या मुलींना हा करार परत तेथेच लोटील, असा विरोध झाला, आणि तो विरोध सर्वस्वी निराधार नव्हता. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने इंग्लंडच्या न्यायालयाचा हुकूम समोर असताही मुलीला भारतात आईजवळच ठेवले, आणि परदेशी हुकूमनामा हा विचारात घ्यावयाच्या अनेक गोष्टींपैकी केवळ एक आहे, बालकाचे हित सर्वांत वरचे, असे सांगितले. पुण्याच्या प्रकरणात ज्या न्यायालयाने मूल मिशिगनला परत धाडले, त्याच न्यायालयाचा हा निर्णय आहे. तूर्त अशा प्रत्येक मुलाचा प्रश्न येथील न्यायालयांना त्या त्या वेळी नव्यानेच सोडवावा लागतो.